जपानबाहेर न गेलेले खेळ

व्हिडिओ गेमवर लेख लिहायचा, आणि तोही या जागी, हे ठरवताना आम्हांला संकोच वाटला हे आधीच कबूल करतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच विद्यापीठातून एम.ए. झालेले, एकमेकांचे नवराबायको, आणि आता चाळिशी ओलांडलेले. एकजण मध्ययुगीन वाङ्मय शिकवतो, दुसरी साहित्यसमीक्षा. खेळांशी असलेला आपला संबंध दहावीच्या वर्षी संपला, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. तो ज्या वाटेने परत आला ती वाट पाठचिकित्सा आणि भाषांतर या आमच्याच विषयांतून जाते, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्यापैकी एकाचे बालपण सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेले. एस.टी. स्टँडसमोर व्हिडिओ कॅसेटचे एक दुकान होते आणि त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दोन टीव्ही मांडलेले असत. अर्ध्या तासाला दोन रुपये. वडील शाळेत गुरुजी, त्यामुळे त्या खोलीत शिरताना आधी रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळावा लागे. दुसरीचे बालपण परभणीचे. तिथेही असे दुकान होते, पण त्यात मुलींनी जाण्याचा प्रश्नच नव्हता. आत्याच्या घरी आतेभावांनी हट्टाने सेट आणवला होता. ते खेळून कंटाळले आणि क्रिकेटला गेले की बहिणींचा नंबर लागे. त्या काळी आम्ही खेळाच्या त्या पेटीला ‘कॅसेट’च म्हणत असू. ती चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, आणि पुन्हा बसवायची. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे काहीतरी छापलेले असे. प्रत्यक्षात पंधरा-वीसच खेळ निघत आणि तेच पुनःपुन्हा वेगवेगळ्या क्रमांकांनी येत राहत.

सांगलीकडच्या मुलाचा खेळ म्हणजे ‘टँकचा गेम’. पडद्याच्या तळाशी विटांच्या आडोशात एक गरुड बसलेला. वरून शत्रूचे रणगाडे येत, एका फेरीत एकूण वीस. त्यांना उडवायचे आणि गरुड वाचवायचा. दोघांनी मिळून खेळता येई, हे त्याचे मोठे आकर्षण. जोडीदाराला चुकून गोळी लागली तर तो मरत नसे, काही क्षण जागच्या जागी खिळून राही, आणि तेवढ्यात भांडण सुरू होई. आपल्याच गोळीने आपलाच गरुड मारण्याचीही सोय होती. परभणीच्या मुलीचा खेळ म्हणजे ‘पक्ष्यांचा गेम’. पडद्याच्या मधोमध भिंत. एका बाजूला एक पेंग्विन, दुसऱ्या बाजूला दुसरा. एक नर, एक मादी. बटण एकच, पण एकाला डावीकडे नेले की दुसरा उजवीकडे जाई, आरशातल्यासारखा. दोघांनाही वरच्या पिंजऱ्यातल्या बदामापाशी एकाच वेळी पोहोचवायचे. वाटेत कोळी आणि त्यांची जाळी. एक लवकर पोहोचून उपयोग नसे.

या खेळांची नावे आम्हांला माहीत नव्हती. ते कोणी केले, कोठे केले, हा प्रश्नही पडला नव्हता. पाऊस कोण पाडतो असे जितक्या वेळा विचारले जाते तितक्याच वेळा तो विचारला गेला असेल.

२०१९ च्या दिवाळीत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मराठीत एम.ए. केल्यावर तिने पुण्यात जपानी शिकायला घेतली आणि आता ती तांत्रिक भाषांतराची कामे करते. पुण्यातून जपानी शिकून अशा कामाला लागलेली मुले पुष्कळ आहेत, त्यांतलीच ती. फराळ करता करता बोलणे लहानपणावर गेले, टँकचा गेम निघाला, आणि तिने हसून सांगितले, “सर, त्याचं नाव ‘बॅटल सिटी’. नाम्को कंपनीचा, १९८५ चा. पण तो जपानबाहेर कधी आलाच नाही.”

“मग आम्ही काय खेळत होतो?”

“तुम्ही खेळलात, सर. पण तो तुमच्यासाठी पाठवला नव्हता.”

पक्ष्यांच्या खेळाचीही तीच कथा निघाली. ‘बायनरी लँड’, हडसन सॉफ्ट कंपनी, हेही साल १९८५. ज्या यंत्रावर आम्ही तो खेळलो त्या यंत्रासाठी तो फक्त जपानात विकला गेला. आतेबहिणींमध्ये लोकप्रिय असलेला ‘नट्स अँड मिल्क’ हा १९८४ चा आणखी एक खेळही त्याच गोत्रातला. ज्याला आम्ही आमच्या गावचे बालपण समजत होतो त्यातला बराच भाग दुसऱ्या एका देशाने केवळ आपल्या मुलांसाठी केलेला होता.

हे घडले कसे, ते तिच्याकडून आणि नंतर वाचनातून कळले. निन्टेन्डोने १९८३ च्या जुलैत जपानात ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र आणले. १९८५ पासून अमेरिकेत तेच यंत्र वेगळ्या नावाने आणि वेगळ्या सांगाड्यात विकायला सुरुवात झाली. जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, अमेरिकी कॅसेटला ७२; शिवाय अमेरिकी यंत्रात कुलुपासारखी एक चिप होती, जी परवानगीवाचूनच्या कॅसेटला दाद देत नसे. पुढे आशियात या यंत्राच्या स्वस्त नकला निघाल्या, त्या बहुतेक जपानी यंत्रावरून बेतलेल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे सेट आले ते याच वंशातले. त्यामुळे त्यांच्या खाचेत जपानी मापाची कॅसेट बसे, आणि त्या कॅसेटींत चोरून भरलेले खेळही जपानी बाजारातले असत. अमेरिकेतल्या मुलांना दुकानात न मिळालेला खेळ परभणीच्या मुलींना मिळाला तो असा. रशियातही १९९२ पासून ‘डेंडी’ नावाची अशीच नक्कल घरोघर गेली, आणि तिथली आमच्या वयाची माणसे ‘बॅटल सिटी’ला आपलाच खेळ मानतात.

चोरी ती चोरीच, आणि तिचे समर्थन आम्ही करत नाही. ज्यांनी त्या गरुडाभोवती एकेक वीट रचली त्यांना सांगलीच्या दोन रुपयांतले काहीही मिळाले नाही. परंतु मध्ययुगीन वाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला या व्यवहारात एक ओळखीची गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. या कॅसेटी म्हणजे पोथ्या होत्या. नकलाकार मूळ कंपनीचे नाव पुसून टाकी, कधी खेळाचे नाव बदली, कधी पहिल्या फेरीऐवजी भलत्याच फेरीपासून सुरुवात करून तो नवा खेळ म्हणून यादीत घाली. कर्त्याची मुद्रा नाहीशी, पाठ बदललेला, प्रत कोणत्या प्रतीवरून केली याचा पत्ता नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर नकलाकारांचे असेच हात पसरलेले असणार. फरक इतकाच की ज्ञानेश्वरी ऐकणाऱ्याला ती कोणाची हे ठाऊक होते. आम्ही कर्त्याचे नाव न कळताच वाढलो.

इथवर ही केवळ एक मजेदार माहिती होती. पुढचा प्रश्न मात्र आमच्यातल्या समीक्षा शिकवणारीने विचारला, आणि त्याने आम्हांला बरेच दिवस सोडले नाही. जपानातले इतके खेळ, मग नेमके हेच का आले? चोरणाऱ्याने निवड कशावरून केली?

उत्तर सोपे आहे. या खेळांत शब्द नव्हते. ‘बॅटल सिटी’च्या पडद्यावर जे काही चार शब्द येतात ते इंग्रजी, तेही ‘स्टेज’ आणि ‘गेम ओव्हर’ या जातीचे. गरुड वाचवायचा हे सांगावे लागत नाही. दोन पेंग्विनांना भेटायचे आहे हेही सांगावे लागत नाही. ज्याला शब्दांची गरज नाही ते कोणत्याही सरहद्दीवरून कोणाच्याही खिशातून पार होते.

त्याच १९८५ साली, त्याच यंत्रासाठी, जपानात आणखी एक खेळ निघाला होता. युजी होरी यांचा ‘पोर्टोपिया’, एका खूनप्रकरणाचा तपास. कोबे शहरात एका सावकारी कंपनीचा मालक बंद खोलीत मृतावस्थेत सापडतो. खेळणारा हा तपास अधिकारी, आणि यासू नावाच्या सहकाऱ्याला तो प्रश्न विचारायला, जागा तपासायला सांगतो. सारा खेळ वाक्यांचा. हेच होरी पुढच्या वर्षी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ करून जपानात घरोघर पोहोचले. एकाच वर्षातले, एकाच यंत्रावरचे हे दोन खेळ. रणगाडा सांगलीला आला, यासू आला नाही. आला असता तरी त्या खोलीतल्या मुलांनी अगम्य अक्षरे पाहून पुढचा क्रमांक दाबला असता.

जी जपानी पुस्तकासारखी वाचावी लागते अशी खेळांची एक मोठी परंपरा जपानात जपानी वाचकांपुरतीच राहिली, आणि तिचे बाहेर येणे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून चाहत्यांच्या हातून सुरू झाले. ते काम कसे चालते हे समजून घेताना आम्हांला भाषांतराविषयी पुष्कळ कळले. जुन्या खेळात प्रत्येक अक्षर हे ठरावीक चौकटीतले चित्र असते, बहुधा आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. जपानी काना लिपीला ही चौकट पुरते. थोडक्या कानांत मावणारे वाक्य इंग्रजीत मात्र तिप्पट अक्षरे मागते, आणि ओळ भरून जाते. मग अक्षरांच्या रुंदीप्रमाणे जागा बदलणारा नवा टंक यंत्रात घुसवायचा. प्रत्येक वाक्य स्मृतीत कोठे आहे हे सांगणारे निर्देशक असतात, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतल्या पानांच्या आकड्यांसारखे. वाक्य लांबले की पुढचे सारे आकडे चुकतात, ते सर्व नव्याने लिहायचे. शेवटी जे वाटले जाते तो खेळ नसतो. मूळ प्रतीत कोठे काय बदलायचे एवढीच यादी असते, आणि ती ज्याच्याकडे मूळ आहे त्याने आपल्या प्रतीवर चढवायची असते. एका अर्थी टीपांचे ते पुस्तक असते, मुळावाचून निरुपयोगी. आमची देवनागरी, तिच्या जोडाक्षरांसह आणि वरच्या-खालच्या मात्रांसह, आठ ठिपक्यांत बसवण्याचा विचार आम्ही एका संध्याकाळी कागदावर करून पाहिला. ‘क्ष’पाशी थांबलो.

अधिकृत भाषांतरांची कथा वेगळी, आणि तीही आपल्याला अपरिचित नाही. १९९४ साली चुनसॉफ्ट या कंपनीने ‘कामाइताची नो योरू’ हा खेळ काढला. ताकेमारू आबिको या रहस्यकथालेखकाने तो लिहिला. बर्फात अडकलेल्या एका निवासात खून होतो. पडद्यावर मागे चित्र, त्यावर मजकूर, माणसे केवळ निळ्या छायाकृती, आणि वाचकाने अधूनमधून पर्याय निवडायचा. वीस वर्षांनी, २०१४ मध्ये तो इंग्रजीत आला तेव्हा कथेचे स्थळ जपानातून उचलून कॅनडात नेले होते आणि पात्रांची नावेही बदलली होती. व्यवसायात याला स्थानिकीकरण म्हणतात. आपल्याकडे याला रूपांतर म्हणत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तेव्हा याच प्रश्नाला त्यांनी याच प्रकारचे उत्तर दिले होते. वर्गात आम्ही हे दरवर्षी शिकवतो, पण आपला गाव दुसऱ्याच्या भाषांतरात पुसला गेला तर कसे वाटेल हा प्रश्न आम्ही कधी विद्यार्थ्यांना विचारला नव्हता. रूपांतर करणारे आपण आहोत असेच दर वेळी गृहीत धरले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या विद्यार्थिनीने पुढच्या एका भेटीत ‘मदर ३’ हा खेळ आणला. शिगेसातो इतोई हे जपानातले नामांकित जाहिरातलेखक. त्यांच्या तीन खेळांच्या मालिकेतला हा शेवटचा. एका यंत्रासाठी अनेक वर्षे काम होऊन २००० साली तो रद्द झाला, नंतर पुन्हा हाती घेतला गेला, आणि २० एप्रिल २००६ रोजी हातात मावणाऱ्या ‘गेमबॉय अ‍ॅडव्हान्स’वर जपानात निघाला. बाहेर निघाला नाही. क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या नेतृत्वाखाली चाहत्यांच्या एका गटाने २००८ च्या ऑक्टोबरात त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्ण केले. पुढच्या वर्षी मँडेलिन यांनी जाहीरपणे सांगितले की कंपनीला हवे असेल तर हे सारे काम आपण विनामूल्य देऊ. ते घेतले गेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने हा खेळ आपल्या आजच्या यंत्रावर पुन्हा उपलब्ध केला, तोही फक्त जपानमधल्या ग्राहकांना. विद्यार्थिनीकडे मूळ जपानी कॅसेट होती आणि त्यावर इंग्रजी चढवलेली प्रत तिच्या लॅपटॉपवर. तो लॅपटॉप तिने २०२३ च्या मे महिन्यात आमच्या मुलीच्या सुट्टीसाठी ठेवून दिला.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती इंग्रजी माध्यमात शिकते. मराठीच्या दोन अध्यापकांनी असे का केले हे आम्हांला विभागातल्या सहकाऱ्यांनी विचारले आहे, आणि आम्ही स्वतःलाही विचारले आहे. तिची आजी गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. आम्ही तिला म्हटले, “आम्ही शेजारी बसून मराठीत सांगत जाऊ.” ती म्हणाली, “कशाला? मला इंग्लिश येतं की.” ते खरेच होते. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

हा खेळ सुरुवातीलाच कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव विचारतो. वडील, आई, जुळे भाऊ, कुत्रा. तिने वडिलांच्या जागी ‘बाबा’ लिहिले, आईच्या जागी ‘आई’. रोमन अक्षरांत, कारण दुसरी नव्हती. ताझ्मिली नावाचे एक गाव आहे, जिथे पैसा ही वस्तू कोणाला ठाऊक नाही. आई आणि दोन्ही मुले डोंगरापलीकडे आजोबांकडे गेली आहेत. आई कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून वडिलांना कळवते की आम्ही निघालो. मग रानात आग लागते, पाऊस येतो, आणि ती तिघे घरी पोहोचत नाहीत. गावकरी शोध घेतात. रात्री नदीकाठी शेकोटीभोवती सगळे बसलेले असताना एक शेजारी बातमी घेऊन येतो. त्याला ती सांगता येत नाही. एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट, अशी सुरुवात तो करतो. चांगली म्हणून एका शस्त्राविषयी बोलतो, आणि ते कोठे सापडले हे सांगताना वाईट बातमी येते. आई गेलेली आहे. आणि पडद्यावर त्या वाक्यात आमच्या मुलीने स्वतः टाइप केलेला शब्द आहे.

तिने लॅपटॉप मिटवला. स्वयंपाकघरात आली, आईच्या शेजारी ओट्यापाशी उभी राहिली, काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही. झोपताना मात्र तिने विचारले, “तो माणूस असं वेड्यासारखं का बोलला? चांगली न्यूज काय त्यात?”

तेव्हा तिला आम्ही तिच्या आजीच्या वेळची गोष्ट सांगितली. पहाटे काकाचा फोन आला होता. त्याने आधी विचारले, झोपला होतात का. मग म्हणाला, इकडे फार पाऊस आहे, पूल बंद होण्याआधी निघा. मग विचारले, गाडीत पेट्रोल आहे ना. आई गेली हे वाक्य तो बोललाच नाही. आम्हीच ते त्याच्याकडून काढून घेतले. “तुला कळलं का, तो कशाला पावसाचं बोलत होता?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे काका आणि तो माणूस सेम.” दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन आली. “पुढे तू वाच. मराठीत वाच. मी बटणं दाबते.”

पुढचा सारा खेळ आम्ही तिघांनी असा खेळलो. रोज रात्री जेवणानंतर तासभर. आमच्यापैकी एकजण पडद्यावरचे इंग्रजी वाचून तोंडाने मराठी करी, दुसरा एका दोनशे पानी वहीत उतरवून घेई. पहिल्याच दिवशी अडलो. जुळी मुले आईशी बोलतात तेव्हा आई ‘तू’ आहे हे उघड होते. पण गावातली माणसे तिच्या नवऱ्याला काय म्हणतील? ‘तू’ की ‘तुम्ही’? इंग्रजीत ‘यू’ म्हणून सर्व एकाच पातळीवर आलेले. विद्यार्थिनीला फोन केला. तिने सांगितले की जपानीत मुले आईला सर्वनामाने हाक मारतच नाहीत, नात्याच्या शब्दाने बोलतात. आदर आणि जवळीक क्रियापदांत आणि प्रत्ययांत असते. म्हणजे जपानीत असलेली एक गोष्ट इंग्रजीत विरून गेली होती आणि मराठीला ती पुन्हा ठरवावीच लागत होती. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ याचा निर्णय घेतल्यावाचून एक वाक्यही पुढे सरकत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला ‘तू’ म्हणायचे, बरोबरीच्यांनी ‘तू’च पण थोडे जपून, मुलांनी ‘काका’ म्हणायचे आणि ‘तुम्ही’, असे ठरले. आजोबा दुःखातही जागा सोडून विनोद करतात, आणि हे विनोद इंग्रजीत आमच्या मुलीला नुसते विचित्र वाटले होते. ते थोडे ग्रामीण बाजाने, तिच्या सांगलीच्या आजोबांच्या स्वरात वाचले तेव्हा ती म्हणाली, “आता हे बरोबर आजोबा आहेत.”

या खेळाच्या जपानी जाहिरातीत शेवटचे विशेषण ‘सेत्सुनाइ’ असे आहे. इंग्रजीत त्याला हृदयद्रावक या अर्थाचा शब्द योजतात. विद्यार्थिनी म्हणाली, तो फार मोठा झाला. हा शब्द छातीत काहीतरी आवळले जाण्याचा आहे, ज्यात दुःखाबरोबर गोडवाही असतो. ‘हुरहूर’ लिहून पाहिले, ते थोडे लहान वाटले. ‘कासावीस’ फार अस्वस्थ. ‘जीव कालवतो’ हे बरेच जवळ आले, पण विशेषण झाले नाही. वहीत तिथे तिन्ही शब्द आहेत, एकावरही रेघ मारलेली नाही.

शब्दांवाचूनचे खेळ आपोआप आले, शब्दांचे खेळ कोणीतरी हट्टाने आणावे लागले, हा फरक आम्हांला तोवर माहितीच्या पातळीवर कळला होता. त्या महिन्यात तो घरात कळला. आमचा स्वतःचा व्यवसाय या दुसऱ्या गटातला आहे. ‘कोसला’ १९६३ साली आली आणि तिचे इंग्रजी पुस्तक निघायला १९९७ उजाडावे लागले. योगायोग असा की ‘बॅटल सिटी’ जपानबाहेर अधिकृतपणे, कंपनीच्या एका संग्रहात, २०२० साली आला, म्हणजे पस्तीस वर्षांनी. त्याला इतका उशीर झाल्याने काही बिघडले नाही, कारण तो आधीच सर्वत्र होता. पुस्तकाचे तसे होत नाही. ते चोरूनही कोणी नेत नाही. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीने गेल्या वर्षी विचारले होते, “मॅडम, हे सगळं इतकं चांगलं आहे तर बाहेर कोणाला माहीत का नाही?” तेव्हा आम्ही तिला बाजार, प्रकाशनव्यवहार, भाषांतरकारांची टंचाई असे सांगितले. ते चुकीचे नव्हते. आता सांगताना आम्ही एक भर घालतो: एखाद्या वाचकाला ते स्वतःपुरते ठेवणे असह्य व्हावे लागते. मँडेलिन यांच्या गटाला कोणी काम दिले नव्हते. दिलीप चित्रे यांनीही तुकारामाच्या इंग्रजीवर, १९९१ मध्ये ‘सेज तुका’ निघेपर्यंत, आयुष्यातली कैक वर्षे घातली.

खेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपला, शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधी. त्याचा शेवट इथे सांगत नाही, फक्त इतकेच की सर्व चित्रे नाहीशी होतात, पडदा काळा होतो, आणि त्या अंधारात पात्रे खेळणाऱ्याशी बोलू लागतात. शेवटी उरतात ती केवळ वाक्ये. त्या रात्री वाचण्याची पाळी आमच्यापैकी ज्याची होती त्याचा घसा बसला होता. त्यामुळे ती वाक्ये मुलीने वाचली. थांबत, शब्द शोधत, एका ठिकाणी ‘तुम्ही’चे ‘तू’ करत. मराठीत.

वही अपुरी आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे लिहून घेणारा दमला, आणि नंतरचे सारे तोंडीच झाले. शिवाय ते भाषांतराचे भाषांतर आहे, त्यामुळे त्याला अधिकृत तर सोडाच, विश्वासार्हही म्हणता येणार नाही. तरीही जपानी जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मूळ समोर ठेवून ते तपासायचे असेल, पुढे न्यायचे असेल, तर वही आम्ही देऊ. ‘क्ष’ची अडचण मात्र त्यानेच सोडवायची आहे.